दिल्या घरचं रक्त

चहा घ्या आधी. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही विचारणार, ‘बाई, तुला डॉक्टरेट दिली तरी कुणी?’

आज मी कॅन्सरच्या पेशी साखर कशी हादडतात हे पोरांना शिकवते. मोठमोठ्या सभांत बोलते. पण या दिमाखाची सुरुवात झाली ती डोंगरकडा गावच्या माझ्या मामाच्या रक्तातल्या साखरेपासून. आणि माझ्या एका गाढवपणापासून!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याला एका लॅबमध्ये पीएच.डी. करत होते. मामाच्या घराण्यात एक अजब प्रकार होता. सगळे काटकुळे, सगळे दिवसभर शेतात राबणारे, आणि तिशीच्या आतबाहेर एकेकाला मधुमेह! काहून? हाच माझा विषय.

दोन वर्षं खपले आणि मामाच्या डीएनएत एक चुकलेलं अक्षर सापडलं. एकच अक्षर हो! एवढ्या अवाढव्य पोथीत एक अक्षर, पणजोबाकडून आजोबाकडे, आजोबाकडून मामाकडे जसंच्या तसं आलेलं. ज्या माणसाचा फोटोसुद्धा नाही, त्याची एवढी खूण माझ्यासमोर! मी स्टुलावर बसून राहिले.

आता हे पीएच.डी.च्या समितीपुढे सिद्ध करायचं होतं, दोन महिन्यांत. नाही जमलं तर विषय बंद, दोन वर्षं पाण्यात.

रीत सोपी होती. रोग्यांच्या रक्ताशेजारी निरोगी माणसाचं रक्त तपासायचं. डीएनए कापून जेलवर पसरला की निरोग्याची एकच पट्टी उमटते, रोग्यांच्या तीन. आणि निरोगी रक्त लागलं की आमच्या लॅबचा रिवाज ठरलेला, आपलीच बाही वर करायची. मी केली. मला काय धाड भरली होती?

पट्ट्या उमटल्या. मामाच्या तीन. चुलतमामाच्या तीन. माझ्या... तीन!

घात झाला! म्हणजे मामाच्या रक्ताचा थेंब कुठूनतरी माझ्या नळीत उडाला. असं होतं बरं का लॅबमध्ये. मी टेबल घासलं, नळ्या बदलल्या, परत रक्त काढलं. तीन. औषधं नवी आणली. तीन! माझा दंड सुयांनी काळानिळा झाला, पण पट्टी काही कमी होईना.

शेजारच्या टेबलावर काम करणारी रेश्मा म्हणाली, “अगं, एकदा माझं रक्त घेऊन बघ ना.”

“तुझं? तुझ्या घाणेरड्या टेबलामुळेच तर हे सगळं होऊन राहिलंय!”

आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. बरोबरच होतं तिचं.

शेवटी आमचे सर म्हणाले, “गावी जा. सगळ्यांचं रक्त नव्याने आण.” समितीला उरले होते पंधरा दिवस. मी वारंगा फाट्यावर उतरले, जीपमध्ये कोंबून घेतलं आणि रडवेलं तोंड घेऊन मामाच्या ओट्यावर जाऊन बसले.

“काय झालं गं पोरी? काहून तोंड पाडलंस?” मामाने विचारलं.

मी घराण्याची वंशावळ पसरली आणि सगळं सांगितलं. मामा चौथी शिकलेला. पण कान देऊन ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “हे चांगलं रगत म्हणून घेतलंस ते कोणाचं?”

“माझं.”

मामाने वंशावळीवर बोट ठेवलं. “हितं तुझी माय कुटं हाय?”

“आईचं लग्न झालं ना मामा. ती दिलेली. तिचं घराणं वेगळं, आडनाव वेगळं...”

बोलता बोलता माझी जीभ अडखळली. मामाने कपाळावर हात मारला.

“अगं बाई! अक्षता पडल्या म्हंजी रगत बदलतं व्हय? कॉलेजात असं शिकवून राहिले?”

काय सांगू तुम्हाला! मी, रेणूंची अभ्यासक, मी भाटासारखी वंशावळ काढली होती. पोरगे तेवढे लिहिले आणि लेकी दिल्या घरी सोडून आले. आई सोडली, मावश्या सोडल्या. आणि त्या आईची लेक कोण? तीच दंड पुढे करून बसली होती, घ्या म्हणे निरोगी रक्त!

साखर मोजायचं यंत्र पिशवीतच होतं. बोट टोचलं. आकडा बघितला, साखर भलतीच चढलेली! भीती वाटली हो, खूप भीती वाटली. पण मामाकडे बघून हातही जोडावेसे वाटले. सगळ्या लॅबला जे दिसलं नाही, ते या माणसाने ओट्यावर बसून, चहा गार व्हायच्या आत सांगितलं होतं.

“अन् चांगलं रगत पाहिजे तर हिचं घे,” मामाने मामीकडे हात केला. “ही हट्टा गावची. परक्या घरची.”

“ऐकलंस का?” मामी फणकारली. “इतकी वर्सं नांदले, तरी परकीच व्हय मी?”

मामीची पट्टी एकच आली, ठसठशीत. आईच्या तीन; तिची साखर तोवर कुणी तपासलीच नव्हती. विषय वाचला, समितीने मान डोलावली. मी रेश्मासमोर कान पकडले.

वेळेत औषधं सुरू झाली, म्हणून आज तुमच्यासमोर बसलेय.

पण सरांनी पेच टाकलाच. आता मीही रोगी, तर रोग्याचा संमतीचा कागद माझाही हवा. आणि रोग्याने स्वतःच स्वतःला समजावलं, असं चालत नाही! मला समजावलं होतं कुणी? मामाने! मग कागद घेऊन परत डोंगरकडा. ‘समजावून सांगणाऱ्याची सही’ या रेघेवर मामाने एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. खाली रोग्याची सही, म्हणजे माझी.

पेन माझ्या हातात देताना मामा थांबला. “हितं लिव्हलंय, रोग्याला समजलं म्हणून. समजलं ना पोरी?”

मी म्हटलं, “मामा, अजून एकदा सांगा.”