आरसेमामांचं कारलं

मामी मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि शेडमध्ये बापलेकीची जुंपली होती. मधे नुसता पत्रा. पत्र्याआडचं भांडण कुणाला ऐकू जात नाही, असं फक्त भांडणाऱ्यांनाच वाटतं.

"ट्रकच्या हौद्यात मारायचा लेप गाडीच्या तोंडाला फासू?" आरसेमामा गरजले. "अगं, दगडविटा टाकतात त्या हौद्यात! तो लेप म्हणजे पायातला जोडा. जोडा कधी डोक्यावर घालतात का?"

"टोपी टिकत नसेल तर घालतात, बाबा," लेक म्हणाली. "हे बघा, दारातून माझं बोट आरपार जातंय."

"मी लांबीने भोकं बुजवतो. पुन्हा रंगवतो."

"मागच्या वर्षीही रंगवलीत. त्याच्या आधीही रंगवलीत. मीठ काय तुमचा मान राखून गप्प बसतं?"

मामींच्या हातातलं सूप थांबलं. त्या घरात आरसेमामांशी असं कुणी बोललं नव्हतं. मामींच्या कितीदा ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायचं आणि राहून जायचं.

आरसेमामा म्हणजे गाड्यांचे रंगारी. त्यांचं खरं नाव मामींनाही आठवून सांगावं लागे. गाडी रंगवून झाली की ते खिशातला कंगवा काढत आणि गाडीच्या चकाकत्या दारात बघून भांग पाडत. भांग सरळ दिसला तर गाडी मालकाच्या ताब्यात, नाहीतर पुन्हा घासायला. मालक बोंबलत बसला तरी बेहत्तर. मामी म्हणायच्या, "माझ्या तोंडाकडे उभ्या जन्मात इतकं निरखून पाहिलं नाही या माणसाने." त्यावर मामा म्हणायचे, "तुझ्या तोंडाला गंज कुठे चढतो?" आता ही तारीफ की टोमणा, हे मामींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आणि त्याच माणसाच्या अंगणात ही गाडी. लेक सासर सोडून परत आली तेव्हा तिने बांगड्या मोडून जुनी मालवाहू गाडी घेतली होती. मिठागरातून मीठ भरायचं, बर्फाच्या कारखान्यात नेऊन टाकायचं. स्वतः चालवायची, स्वतः पोती मोजून घ्यायची, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. स्वतःच्या बापाला थोडी भ्यायची, तेही त्या दिवशी संपलं. मेकॅनिकने साफ सांगितलं होतं, "इंजिन घोड्यासारखं आहे, बाई. पण कातडंच उरलं नाही तर घोड्याचं करायचं काय? यंदा पत्रा वाचला नाही तर गाडी भंगारात." गाडी गेली की लेकीने पुन्हा कुणाच्या तरी दारात मान खाली घालून उभं राहायचं. हे मामांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच आवाज चढत होता.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मामा म्हणाले, "आण तुझा तो लेप. पण हात माझाच लागेल."

मग काय! कुजका पत्रा कापला, नवा जोडला, लांबी भरली, रंग दिला. लेकीने लेपाच्या डब्यावरचं वाचून दाखवलं, "बाबा, यात लिहिलंय, आधी सगळीकडे खरवडून घ्या."

"आता डबा शिकवणार मला?" मामा म्हणाले. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी गाडी घासून, मेण लावून अशी लखलखीत केली की दारात भांग पाडता येईल. पाडलाही. पाहुणा कसाही असो, बसायला पाट स्वच्छ हवा, असा त्यांचा हिशेब. मग दोन डब्यांतलं एकत्र कालवलं. ते कालवलं की दम खायची सोय नाही, नाहीतर बादलीतच दगड. भराभरा मारलं. गाडी काळी, खरखरीत, कारल्याच्या सालीसारखी दिसायला लागली. गल्लीतली माणसं बघायला जमली. कुणीतरी म्हणालं, "आरशाच्या घरी कारलं पिकलं!" मामा हसले नाहीत, पण मिशी हलली.

पहिल्या दोनचार खेपा बऱ्या गेल्या. मग एका संध्याकाळी लेक पाइपने मीठ धुवायला गेली, तर दाराच्या कडेचा लेप उचलला गेला आणि सायीसारखा हातात आला. अख्खा, एका तुकड्यात. खाली रंग तसाच, चकाकणारा. त्यात मामांचं तोंड दिसत होतं. ते बघण्यासारखं नव्हतं.

लेकीने पाइप बंद केला. मामा पायरीवर जाऊन बसले. "आरशाला कारलंही जमेना. उद्या गल्ली हसेल."

मामी हात पुसत बाहेर आल्या. "अहो, आपला पाटा झिजून गुळगुळीत झाला की काय करता?"

"टाकीचे घाव घालून घेतो."

"का?"

"वाटण घसरतं ना त्याच्यावरून..." मामा म्हणता म्हणता थांबले.

"मग," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या. भात लागत होता.

सकाळी उरलेला लेपही सोलून काढला, मेण पुसलं आणि मामा जाडा पॉलिश पेपर घेऊन गाडीसमोर उभे राहिले. ज्या हातांनी आयुष्यभर ओरखडे घालवले, त्या हातांनी ओरखडे पाडायचे. पहिला पाडताना त्यांनी डोळे मिटले. मामींनी खिडकीतून पाहिलं. लेक पुढे झाली, "द्या बाबा, मी करते."

"हो बाजूला. चमक माझी आहे, मीच मोडणार. तू मागचं दार घे."

सगळी गाडी पांढुरकी, बोचकारलेली झाली. मांजरांच्या ताब्यात दिल्यासारखी. मग लेप मारला, पुन्हा वर दुसरा हात दिला. त्यानंतर मीठ आलं, पाऊस आला, मिठागराच्या वाटेवरचे दगड उडाले, काटेरी कुंपणं घासून गेली. लेप हलला नाही. एका मस्तवाल बैलाने शिंग मारलं, तर शिंगच घसरलं म्हणे. म्हणे म्हणजे मामाच सांगायचे.

आधी हसलेल्यांनीच मग आपापल्या गाड्या आणल्या. कोळ्यांच्या आल्या, बर्फवाल्याच्या आल्या. मिठागराच्या वाटेला काळी कारली धावायला लागली. कुणी विचारलं, "मामा, पण चमक?" तर म्हणायचे, "चमक बघायची तर लग्नातल्या गाड्या बघ. ही माझ्या लेकीची आहे, ही कामाला जाते." 'माझ्या लेकीची' म्हणताना छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

रोज संध्याकाळी गाडी आली की मामा किल्ली मागून घेत. पाइपने मीठ धुवत आणि मग बोटाच्या पेराने ठोकत गाडीभोवती फिरत. कुठे पोकळ वाजतंय का, कान लावून ऐकत. माठ घेताना बायका ऐकतात तसं. हातपाय थकले, तरी हे चुकलं नाही. आता मामा नाहीत, किल्ली लेक स्वतः खिळ्याला अडकवते. पण त्या शेवटच्या संध्याकाळीही मामांनी गाडी धुतली, ठोकत ठोकत फेरी मारली. दारात तर तोंड दिसत नाही, म्हणून बाजूच्या छोट्या आरशात वाकून भांग पाडला. आत येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि रोजच्यासारखं मामींना सांगितलं, "सगळं धरून आहे."

"हात धुवा," मामी म्हणाल्या. "जेवायला वाढलंय."