उजव्या बाजूचं दान

नवऱ्याला किडनी द्यायला मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले, तेव्हा साठीची होते. मला ओवाळायला अजून कुणी कसं आलं नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

शेजारी अकोल्याकडची एक बाई डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत बसली होती. तिची सून डायलिसिसवर होती, आणि किडनी ही सासू देणार होती. डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, डावीकडची काढू."

बाई ताडकन उठली. "डाव्या हातानं कुनी दान देतं व्हय? उजवीकडची काढा. माझी सून जगाया पायजे!"

मी पडले शिकलेली. फिदीफिदी हसले.

डॉक्टरांनी समजावलं, "डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला बरी पडते. पण सुनेला ती उजव्या बाजूलाच बसवणार."

बाईचा चेहरा निवळला. "मंग काढा. घेनारीनं उजवीकडं घेतलं म्हंजी झालं."

डॉक्टर निघाले, तशी मी लगबगीनं त्यांना जिन्यापाशी गाठलं. "आमच्या ह्यांना कुठल्या बाजूला हो?"

"उजव्याच," ते म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या शिकलेल्या जिवात जीव आला.