नियमाला सुट्टी, टॅम्पिनीसच्या बाकावरून

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. तीन म्हातारे रोज एका बाकावर बसले की ते आपोआप साठतात. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत! पण गेल्या पावसाळ्यातले आमचे किस्से कामाला आले. म्हणून सांगतो.

आमचा बाक सिंगापुरात टॅम्पिनीसला, मुलाच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत. मी सहावी शिकलो. तहसील कचेरीत चौतीस वर्षं शिपाई होतो. दुसरे देशपांडे, पुण्यात बँकेचे मॅनेजर होते. तिसरे कांबळे गुरुजी. त्यांचा मुलगा वन-नॉर्थला संशोधन करतो. गुरुजी राहतात चोआ चू कांगला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी रोज एमआरटीच्या गाड्या बदलून येतात. सून विचारते, "एवढ्या लांब कशाला?" ते म्हणतात, "तिकडे बाक आहेत, माणसं नाहीत."

* * *

पावसाळ्यात आमच्या गावात कृष्णेचं पाणी शिरलं. माझी थोरली बहीण आक्का, तिचा मुलगा तानाजी, सून आणि नात रेखा, सगळे तालुक्याच्या हायस्कुलात छावणीत गेले. जीव वाचले. कपाट बुडालं.

कपाटात रेखाचे दाखले होते. तिला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. आमच्या खानदानात पहिलीच. मूळ कागद शनिवारी दुपारी एकच्या आत खिडकीवर द्यायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. आणि कागदांचा झाला होता लगदा.

सोमवारी देशपांडे फोन नाचवत आले. "आबा, जीआर निघाला! पूरग्रस्तांना तीन महिने कागदपत्रांची अट नाही. प्रवेशालासुद्धा! नियम स्थगित!"

गुरुजी म्हणाले, "चला, काळजी मिटली."

मी म्हणालो, "काळजी आता सुरू झाली."

आदेश वरून निघालेला मी पुष्कळदा पाहिला आहे. टेबलापर्यंत पोचलेला क्वचित!

* * *

जीआरचा पहिला उपयोग आक्काने केला.

छावणीत जनावरांना बंदी. आक्काची शेळी फाटकाबाहेर आणि म्हणून आक्काही फाटकाबाहेर. वय अठ्ठ्याहत्तर. पावसात बसून राहिली. तानाजीचा फोन आला, "मामा, आई ऐकत नाही. तुम्ही सांगा."

मी आक्काला काय सांगणार! गुरुजींनी चष्मा पुसून जीआर पहिल्यापासून वाचला. कलम चार: पूरग्रस्तांच्या जनावरांची सोय छावणीच्या आवारातच करावी, मनाईचे नियम लागू नाहीत.

मी फोनवर एवढंच म्हणालो, "आक्का, कलम चार."

आक्काला अक्षर येत नाही. ती छावणीच्या साहेबापुढे गेली आणि चार बोटं दाखवून म्हणाली, "कलम चार!" साहेबाने कागद शोधला, वाचला आणि फाटक उघडलं. संध्याकाळपर्यंत आवारात अकरा शेळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाढपी म्हणाला, "आज्जी, भात एकदाच मिळेल." आक्काने चार बोटं दाखवली. त्याने घाबरून वाढला!

* * *

मंगळवारी रेखा कॉलेजात गेली. खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, "असा आदेश आमच्याकडे आलेला नाही." तिने मोबाईलवर दाखवला. ते म्हणाले, "मोबाईलवर काय, उद्या मीही मुख्यमंत्री होईन." पोरगी रडत फोनवर.

देशपांडे म्हणाले, "थांबा. मी कॉलेजला ईमेल करतो. कडक इंग्रजीत." अर्धा तास लिहिला. सुंदर लिहिला असावा. पाठवला तसा परत आला. कॉलेजची पेटी भरलेली!

मी रेखाला म्हणालो, "डोळे पूस. आदेशाच्या दोन प्रती काढ. वर दोन ओळींचा अर्ज लाव. खिडकीवर जाऊ नकोस. त्याच इमारतीत आवक-जावकचं टेबल असेल, कोपऱ्यात, पंख्याखाली नसलेलं. एक प्रत तिथं दे आणि दुसरीवर शिक्का अन् नंबर घे. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस."

"आबा, पण आदेश तर तोच आहे ना?"

"नंबर पडेपर्यंत तो आदेश नसतो, बाळ. नुसता कागद असतो."

बुधवारी तिने शिक्क्याची प्रत खिडकीवर ठेवली. क्लार्कनी स्वतःच्याच कॉलेजचा शिक्का पाहिला, नंबर पाहिला आणि म्हणाले, "हां. आता आला आदेश."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "छत्तीस वर्षं शिकवलं मी. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

* * *

आमच्या बाकावर एक चिनी म्हातारेही येतात, मिस्टर लिम. मराठी त्यांना शून्य. आमचं इंग्रजी जेमतेम. देशपांड्यांनी त्यांना सगळी हकीगत सांगितली: पूर, मुलगी, कागद. तेव्हापासून रोज कॉफीचा ग्लास घेऊन यायचे आणि एकच विचारायचे, "टुडे कॅन ऑर कॅनॉट?" म्हणजे, आज जमलं की नाही?

बुधवारी आम्ही म्हणालो, "हाफ कॅन."

ते विचार करून, इथल्या बोलीतलं 'लाह' शेपटाला लावून म्हणाले, "हाफ कॅन इज कॅनॉट लाह."

बरोबर होतं. कारण क्लार्कनी पुढचं मागितलं होतं: पूरग्रस्त असल्याचा तलाठ्याचा दाखला.

* * *

तलाठी शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याचंही घर पाण्यात. त्याच छावणीत, आक्कापासून चौथ्या सतरंजीवर! चांगला पोरगा, पण नवा. म्हणाला, "आज्जी, दाखला देतो, पण माझा शिक्का चावडीत आहे आणि चावडी पाण्यात. शिक्क्याशिवाय सही केली तर माझी नोकरी जाईल."

रेखाने जीआर दाखवला. शिक्का नसल्यास हाताने लिहिलेला दाखला चालेल, असं स्पष्ट छापलेलं. तलाठी म्हणाला, "छापलंय खरं. पण मी कधी केलं नाही तसं."

मी फोनवर दोनदा सांगितलं. गुरुजींनी गोडीत सांगितलं. देशपांड्यांनी रागात सांगितलं. पोरगा हलेना.

आक्का उठली. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "अंगात शर्ट कुणाचा तुझ्या?"

"तानाजीदादांचा."

"घालताना शिक्का मागितला व्हतास का?"

तलाठ्याने तिथंच मांडीवर वही ठेवून दाखला लिहिला. अक्षर मोत्यासारखं होतं म्हणतात. मग छावणीतल्या बाकीच्यांनी रांग लावली. त्या दिवसात त्याने सगळ्या गावाचे दाखले लिहिले. संध्याकाळी आक्काने त्याच्या बोटांना तेल लावून दिलं!

* * *

एक गोष्ट देशपांड्यांची. सांगू का विचारलं, तर म्हणाले, "सांगा, आता काय लपवायचं."

शुक्रवारी ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "आबा, खरं सांगतो. त्या खिडकीवर मी असतो, तर पोरीला प्रवेश दिला नसता."

"का?"

"भीती. नियम पाळून कुणाची चौकशी होत नाही. सवलत देऊन होते."

साहेबांना भीती वाटते हे मला चौतीस वर्षं माहीत होतं. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना कॉफी पाजली.

* * *

शनिवार. तिकडचा एक म्हणजे आमचे साडेतीन. आम्ही तिघं बारापासूनच बाकावर. जेवण कुणालाच गेलं नव्हतं. लिमही येऊन बसले. फोन मध्ये, आवाज मोठा.

तीन वाजून दहा मिनिटांनी रेखाचा नंबर लागला. ती फोन हातात धरूनच खिडकीवर गेली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

क्लार्क म्हणाले, "आदेश आहे. दाखला आहे. सगळं ठीक आहे. पण मूळ कागदांशिवाय प्रवेश मी नोकरीत कधी दिलेला नाही. प्राचार्य रजेवर आहेत. कुणीतरी वरचा माणूस मला तोंडी सांगू दे. तुमच्या ओळखीत कुणी साहेब आहेत का?"

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू आली. खरी की मनातली, माहीत नाही.

देशपांडे कुजबुजले, "आबा, मी बोलतो. मंत्रालयातून बोलतोय म्हणतो. माझा आवाज तसा आहे."

"नाही."

"दहा मिनिटं राहिलीत हो!"

"पोरीचं पहिलं पाऊल खोट्यावर पडणार नाही."

गुरुजी म्हणाले, "मग तुम्हीच बोला."

मी म्हणालो, "रेखा, फोन त्यांच्याकडे दे."

फोन हातात गेल्याचा आवाज आला. "हॅलो. कोण साहेब बोलताय?"

"साहेब नाही. शिपाई. तहसील कचेरी, चौतीस वर्षं. निवृत्त."

देशपांड्यांनी कपाळाला हात लावला.

"आत्ता कुठून बोलताय?"

"सिंगापूरहून."

"तिथं काय करता?"

"बाकावर बसतो."

कुणीतरी हसलं. क्लार्क नव्हते. दाराशी स्टूलवर शिपाई बसतो, तो असावा.

मी म्हणालो, "तुमची भीती मला समजते. चौकशी झाली, तर आवक नंबर दाखवा. नियम सरकारने थांबवलाय. तुम्ही मोडलेला नाही. चौतीस वर्षांत मी माणसं परत पाठवलेली पुष्कळ पाहिली. दाराबाहेर ती काय बोलतात, ते साहेबांना ऐकू जात नाही. मला जायचं. एवढंच सांगायचं होतं."

तीन चोवीस झाले होते. लिमनी ग्लास खाली ठेवला.

मग शिक्का बसला. एकदा. कागद उलटला. परत एकदा.

मग कुणीतरी लगबगीने उठत असावं, कारण स्टूल सरकलं. आणि क्लार्कचा आवाज आला, आमच्याशी नव्हे, खोलीत कुणाशी तरी:

"सखाराम, तू बस. पोरीला खुर्ची मी आणतो."