टाका कोणाचा?

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरची वस्तू उजेडात धरायची आणि विचारायचं, "टाका कोणाचा?" आमच्या शेजारच्या काकूंची ही सवय होती. हातात वस्तू नसली तरी हात तसाच वर जायचा. लिफ्ट बंद पडली की हात वर, जिन्यात कोणी कचरा टाकला की हात वर, टीव्हीवर बातम्या लागल्या की हात वर. तुमच्याही इमारतीत असं कोणीतरी असेल. नसेल तर सुखी आहात, पण मग थोडे कमनशिबीही आहात.

काकू उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकर होत्या. नवरा लवकर गेला, मुलगी लहान होती, तेव्हा धागे कापायच्या कामावर लागल्या आणि चेकर होऊन निवृत्त झाल्या. तयार पँट आली की ती उलटी करायची, शिवण बोटांनी चाचपायची आणि पुढे सरकवायची. शिवण वाकडी निघाली की शेठ सगळ्यांवर सरसकट ओरडायचा. काकू म्हणायच्या, "शेठ, सबको काहे को बोलता? टाका किसका है, वो देखो ना." गठ्ठ्यावर कारीगराचा नंबर असायचा. ज्याचा टाका त्यानंच उसवायचा आणि त्यानंच पुन्हा घालायचा, हा काकूंचा कायदा. शेठ सिंधी, मनाचा गोड. "अरे बाई, जाने दो, माल निकलने दो," म्हणून हात जोडायचा. माल निघायचा नाही.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. हे पद कोणालाच नको असतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं आणि काकू पदाबरोबर आल्या. एकदा पाण्याचा पंप जळाला. बैठकीत चेअरमन म्हणाले, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम झाला, आता दुरुस्तीचं बघू." काकूंचा हात वर गेला. "दुरुस्तीचं बघूच. पंप चालू करून कोण विसरलं?" शेवटी चेअरमन स्वतःच हसले. क्रिकेटची मॅच बघत बसले होते बिचारे. पंप येईपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे पाण्याच्या बादल्या त्यांनीच चढवायच्या, असं काकूंनी ठरवून टाकलं, आणि चेअरमननी त्या चढवल्याही. काकूंना कोणाला शिक्षा व्हावी असं फारसं वाटत नसे. माणसानं पुढे यावं आणि "माझ्याकडून झालं" म्हणावं, एवढ्यावर त्या खूश असत.

आता अशा बाईनं जगातल्या लढायांच्या बातम्या बघू नयेत. पण काकू रोज संध्याकाळी भाजी निवडत त्याच बघायच्या. इंग्रजी बातमी असली की दार उघडं ठेवून मला हाक मारायच्या. दूरच्या एका देशात शाळेवर बॉम्ब पडला, पोरं गेली, त्या दिवशीही मी असाच जाऊन बसलो. कोट-टाय घातलेला अमेरिकेचा प्रवक्ता शांतपणे बोलत होता.

"काय म्हणतोय?"

"खेद वाटतो म्हणतोय. चौकशी चालू आहे."

"चौकशी कसली? विमान यांचं, बॉम्ब यांचा. हुकमाशिवाय विमान उडतं का? आमच्या पँटीच्या गठ्ठ्यावर नंबर असतो, यांच्या बॉम्बवर नसेल?"

ती चौकशी पुढे कित्येक महिने चालली. मी विसरलो होतो, काकू विसरल्या नव्हत्या. अधूनमधून जिन्यात गाठून विचारायच्या, "त्या शाळेचं काही कळलं का रे?" अखेर एक दिवस बातमीच्या शेपटाला दोन वाक्यं आली. अंदाज चुकला, पण दोषी कोणी नाही. मी ते मराठीत सांगितलं. काकूंनी हातातली गवारीची शेंग ताटात ठेवली.

"दोषी कोणी नाही म्हणजे? पोरं काय आपली आपण मेली?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला. चेअरमन भेटले की मात्र म्हणायचे, "काकू, इथे बदलापुरात नळाला धड पाणी नाही आणि तुम्ही अमेरिकेचं काय घेऊन बसलात?"

"पालिकेत पाण्याचंही विचारून आले. तेही म्हणतात चौकशी चालू आहे. सगळे एकाच शाळेतले दिसतात."

अमेरिकेवर काकूंचा राग होता असं मात्र समजू नका. त्यांची एकुलती एक मुलगी तिथेच नोकरीला होती, जावई चांगला होता, तिथली माणसं पायी जाणाऱ्यासाठी गाडी थांबवतात याचं त्यांना भारी कौतुक होतं. "एवढी शहाणी माणसं," त्या म्हणायच्या, "आणि त्यांच्या सरकारला कोणी हिशेब विचारत नसेल? विचारत असतील रे. आपल्याला इथे ऐकू येत नसेल."

त्या वर्षी गणपतीच्या देखाव्याला मुलांना चंद्रावरचं यान करायचं होतं. काकू उल्हासनगरला जाऊन जुन्या शेठकडून कात्रणांची गोणी घेऊन आल्या. आठवडाभर त्यांचं मशीन चालू होतं. मग आम्ही बघितलं तर लहान लहान युनिफॉर्म शिवलेले, हाफपँटी, पिनाफोर, सगळे जीन्सच्या तुकड्यांचे. मंडपात दोरी बांधून त्यांनी ते वाळत घातल्यासारखे टांगले. खाली रिकामे बाक ठेवले. दुसरं काही नाही. यान मागे राहिलं आणि मुलांनीही कुरकुर केली नाही. दर्शनाला आलेले लोक प्रसाद घेऊन बोलत बोलत वळायचे आणि त्या दोरीपाशी आले की हातातला प्रसाद तसाच धरून उभे राहायचे.

मुलांनी काकूंचा व्हिडिओ घेतला. हात वर, चष्मा कपाळावर. "अमेरिकेच्या सरकारला मी एकच विचारते. ही शाळा कोणाच्या हुकमानं पडली, त्यानं पुढे यावं आणि सांगावं. एवढंच." मी तो इंटरनेटवरच्या सोसायटीच्या पानावर, काकूंच्या नावासकट टाकला. तो अंबरनाथला गेला, उल्हासनगरला गेला आणि पुढे कुठे कुठे गेला ते देवाला ठाऊक. भाजीवाला काकूंना वर फुकट कोथिंबीर द्यायला लागला.

पुढच्या चैत्रात मुलीला दिवस गेल्याची बातमी आली. याआधी दोनदा तिचा गर्भ पडला होता, त्यामुळे काकू आनंदानं आणि काळजीनं एकदमच रडल्या. लेकीच्या बाळंतपणाला आई जाणार, यात विचारायचं काय? डिंक, खारीक, आळीव आले. पासपोर्ट झाला. व्हिसाचा अर्ज भरताना मुलीचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता.

"आई, तो गणपतीचा व्हिडिओ काढून टाकायला सांग. हल्ली सगळं बघतात. लोकांना परत पाठवतायत."

"मी वाईट काय बोलले गं त्यात?"

"वाईट नाही बोललीस. पण मला तू इथे हवी आहेस. मला भीती वाटते आई."

मी खिशातून मोबाइल काढला. "काकू, एका मिनिटाचं काम आहे." त्या म्हणाल्या, "थांब जरा." मग चार-पाच दिवस त्यांनी डिंक तळला, खारीक कुटली. लाडू वळत बसल्या. बैठकीला आल्या, पण हात वर गेला नाही, आणि खरं सांगतो, सोसायटीची इतकी गुळमुळीत बैठक मी कधी चालवली नव्हती.

नंतर एका दुपारी आल्या. "बाळ तिथे जन्मणार. म्हणजे तिथलंच होणार ना?"

"हो. तिच्याकडे ग्रीनकार्ड आहे. बाळ जन्मानंच अमेरिकन."

"म्हणजे ते सरकार त्याचं. मी परकी, माझं विचारणं ते कशाला ऐकतील? पण त्याला विचारायचा हक्क आहे. आणि त्याची आजी सगळं पुसून, तोंड शिवून आत शिरली होती, हे त्याला उद्या कळलं तर?" थोडं थांबून म्हणाल्या, "राहू दे तो. तसाच राहू दे."

वकिलातीत मी त्यांना सोडायला गेलो होतो. बाहेर आल्या तेव्हा हातात पासपोर्ट आणि एक छापील कागद होता. खिडकीतला मुलगा फार सभ्य होता म्हणाल्या. दोन प्रश्न विचारले आणि नाही म्हणाला. व्हिडिओचा शब्दही काढला नाही. "मी विचारलं, बाबा, का? कोणी ठरवलं? तर हसला आणि पुढचा नंबर पुकारला." व्हिडिओमुळे नाकारलं, की एकटी बाई, परत जाणार नाही म्हणून, की त्या दिवशी त्या मुलाचं डोकं दुखत होतं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

मुलगी चिडली. "तुला ती लोकांची पोरं जवळची, मी नाही," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला आणि नंतर बरेच दिवस उचलला नाही. काकूंनी ते वाक्य मला सांगितलं आणि लाडवांचा डबा उघडला. बाळंतिणीचे लाडू त्यांनी इमारतीत वाटले. आम्ही पुरुषांनी खाल्ले आणि वजनं वाढवून घेतली.

मुलगी झाली. मग मात्र फोन सुरू झाला, पण जावयाचा. समोर टॉवेलची गुंडाळी ठेवून काकू त्याला तेल कसं लावायचं ते दाखवायच्या. "टाळू भरा, टाळू! घाबरू नका, मोडत नाही ती." तो बिचारा तिकडे घामाघूम व्हायचा. मुलगी मागून यायची, आईकडे बघायची आणि बाळाला उचलून जायची.

एकदा न राहवून मी विचारलं, "काकू, तो व्हिडिओ काढून टाकायला हवा होता का?"

"रोज वाटतं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "तिची भीती खरी होती रे. मी तिच्याजवळ हवी होते. रोज दुपारी वाटतं, काढायला हवा होता. आणि सकाळी उठले की वाटतं, नाही काढला तेच बरं झालं."

दोन वर्षांनी थंडीत काकू गेल्या. हृदयाचा झटका, दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. मुलगी आली, बरोबर दुडदुड चालणारी अमेरिकेच्या पासपोर्टाची नात. दहावं-तेरावं झालं. घर आवरायला मी आणि बायको मदतीला गेलो. मुलगी कपाटाशी पाठ करून बसली होती.

"दादा, आईचा तो व्हिडिओ आहे ना अजून?"

"आहे. कोणी हात लावलेला नाही."

"मला पाठवा. हिच्यासाठी ठेवते." मग हातातल्या साडीची घडी तिनं मोडून पुन्हा घातली. "मी खूप बोलले हो आईला."

बायकोनं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

नात समोर उभी होती. कपाटात सापडलेला जीन्सच्या तुकड्यांचा एक फ्रॉक मुलीनं तिला घातला होता. आजीनं तिला कधी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं, तरी तो अंगाला अगदी बरोबर बसला होता. मुलीनं तिला जवळ ओढलं आणि फ्रॉकची खालची कड उलटून मला दाखवली. आत चांगलं वीतभर कापड दुमडून ठेवलेलं होतं. बगलेतही तसंच, खांद्यातही.

"वाढेल तसं उसवत जायचं," ती म्हणाली आणि रडायला लागली.