न बसणारी सेक्रेटरी

आमच्या सेक्रेटरीला मी कॉलेजच्या सगळ्या वर्षांत खुर्चीत नीट बसलेलं पाहिलं नाही. परीक्षेचे तीन तास सोडले तर बाई कायम उभी. मीटिंगला दाराच्या चौकटीला टेकून, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. कँटीनमध्ये सुसल्याची, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची, बशी हातात घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारत खायची. "अगं बस की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आपण बसलं की काम बी बसतंय, अण्णा."

जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक मोठी संघटना आहे. आमच्या कलबुर्गीच्या कॉलेजात तिची शाखा होती. तिची ही सेक्रेटरी आणि मी रिपोर्ट लिहिणारा. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. मी कलबुर्गीतल्या तूरडाळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, शाळा इंग्रजी. ती औरादकडच्या संतपूरची. आजोबांनी धम्म घेतलेला, वडील सोयाबीन पिकवणारे, आई गावातली आशा कार्यकर्ती. या आईचे दाखले ती ऊठसूट द्यायची. "माझी आई येका घरी सात येळा जाती. सा येळा नुसता चहा पिऊन येती. सातव्या येळंला बाई दवाखान्याला निघती."

संघटनेचं मला मनापासून अप्रूप होतं. मधुमेह दिन, क्षयरोग दिन, हात धुण्याचा दिवस. देशोदेशीची पोरं एकाच दिवशी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून उभी राहायची. सुट्टीत इकडची तिकडे जायची, तिकडची इकडे यायची. व्हिडिओ कॉलवर ट्युनिसचा मुलगा आणि मनिलाची मुलगी जागतिक आरोग्यावर बोलायला लागली की मला वाटायचं, कलबुर्गीच्या उन्हात बसून आपण जग चालवतोय. फक्त आमची तळमळ बॅनर छापून आल्याशिवाय जागी होत नसे आणि फोटो निघाला की लगेच निवत असे.

या सगळ्यात सेक्रेटरी म्हणजे चपलेतला खडा. कुणी काहीही सांगितलं की तिचा प्रश्न यायचा, "मग पुढं?" आम्ही एवढ्या लोकांची साखर तपासली. मग पुढं? एवढी पत्रकं वाटली. मग पुढं? एकदा कॉलवर तिनं हेच मोडक्या इंग्रजीत विचारलं. पलीकडून कुणीतरी "फारच छान प्रश्न" म्हणून पुढचा विषय घेतला. तिनं कानातली वायर ओढून काढली आणि माझ्यावरच खेकसली, "छान कामून म्हणायलेत? उत्तर द्या की!" तिच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. ती दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही, चिडली की हातातलं पेन भिरकवायची. तरी कुणी शाखा सोडून गेलं नाही, आणि मी तर सावलीसारखा मागे असायचो. मला ती फार आवडायची, हे आता लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या वर्षी पोर्तुगालची इनेस नावाची मुलगी महिनाभर आमच्याकडे आली आणि आम्ही आळंद तालुक्यातल्या खजुरीला बायकांसाठी रक्तदाब तपासणीचं शिबिर घेतलं. वरून आलेला फॉर्म सुंदर होता. जाड कागद, डोक्यावर संघटनेचं गोल चिन्ह, खाली सहीची जागा. ज्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, तिला तो भरून द्यायचा. सेक्रेटरी नोंदणीच्या टेबलाशी होती, फॉर्म मी भरत होतो. सुनंदा नावाची एक बाई आली. सातवा महिना, पावलं सुजलेली, रक्तदाब भलताच वर. बाळंतपणासाठी ती नुकतीच माहेरी आलेली, त्यामुळे गावच्या आशाच्या वहीत तिचं नाव नव्हतं. मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं, ताबडतोब तालुक्याच्या दवाखान्यात दाखवावे. इनेसनं खाली सही केली. मी तोंडानं म्हटलं, "दाखवून घ्या हं." सुनंदा हसली, फोटो झाला, आणि मागे रांग असल्यामुळे मी पुढच्या बाईला बोलावलं.

शिबिराचा रिपोर्ट मी रंगवून लिहिला. आठवडाभरातच संघटनेच्या जागतिक संमेलनात तो मांडायला निवडला गेला, आणि मांडणार मी. घरी पेढे वाटले, वडिलांनी कोट शिवायला टाकला.

सेक्रेटरी मात्र परीक्षा संपताच, म्हणजे शिबिरानंतर दहाव्या दिवशी, एकटी बसनं खजुरीला गेली. घरोघर फिरली. दवाखान्यात कुणीच गेलं नव्हतं. आम्ही भरून दिलेली चिठ्ठी मात्र एकीनंही हरवली नव्हती. कुणी देव्हाऱ्यात ठेवली होती, कुणी पत्र्याच्या पेटीत. सुनंदाच्या भावानं तर तिची चिठ्ठी आळंदला नेऊन लॅमिनेशन करून आणली होती आणि भिंतीला लावली होती. सेक्रेटरीनं विचारलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "फारिनच्या डॉक्टरीणबाईनं सर्टिफिकेट दिलंय की, अक्का. शिक्का हाय, सही हाय. समदं चांगलं हाय म्हणून तर दिलंय न्हवं?" बोलताना ती डोकं धरून बसली होती.

त्याच दुपारी सेक्रेटरीनं तिला जीपमध्ये घालून आमच्याच कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. मला फोन आला, "अण्णा, खाली ये." मी वॉर्डात पोचलो तोवर कळलं होतं. सुनंदा वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

सेक्रेटरी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती. मला वाटलं, आता ती माझ्यावर तुटून पडेल. ती म्हणाली, "परीक्षा परीक्षा करत मीच दहा दिस घालीवले." मग थांबून म्हणाली, "तू लिवलं ते बरूबर व्हतं. तिला वाचाया आलं न्हाई. आता रिपोर्टात हे बी लिव."

"तिकडे हे कसं सांगायचं? निवड रद्द होईल," मी म्हणालो.

"व्हईल. मग?"

"तूच पाठव की पत्र. सेक्रेटरी तू आहेस."

"मी न्हाई पाठवत. अक्षर तुझं हाय, अण्णा."

मी लिहिलं नाही. मी गेलो. कोट अंगाला छान बसला होता. परक्या शहरातल्या मोठ्या सभागृहात मी खजुरीचे फोटो दाखवले, त्यात सुनंदाचाही होता, हसणारा. टाळ्या झाल्या. दोन-तीन देशांच्या पोरांनी येऊन तो फॉर्म मागून घेतला, आमच्याकडेही वापरतो म्हणाले. परत आलो तेव्हा सेक्रेटरी कँटीनच्या दारात उभी होती. "आलास? मग पुढं?" एवढंच म्हणाली. तिनं कुणाला काही कळवलं नाही. पण इंटर्नशिप संपेपर्यंत आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं, आणि मग जो तो पांगला.

गेल्या वर्षी अफजलपूरला एका मित्राच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला गेलो होतो. बसस्टँडवर ती दिसली. त्याच तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. केस पिकायला लागलेत. मला पाहून मोकळं हसली.

"सुनंदाला लेक झाली, म्हाईत हाय का? शाळेत जायलीय आता. मी वर्सातून दोनदा जाऊन येते."

माझ्या तोंडून निघालं, "माझ्यावर राग असेल तिचा."

"तुझ्यावर?" ती म्हणाली. "तिला वाटतंय चूक तिचीच हाय. आपल्याला वाचाया येत न्हाई म्हणून लेकरू गेलं, म्हणती. मी सांगून सांगून थकले. माझं खरं वाटत न्हाई तिला. ज्यानं लिवलं त्यानं येऊन सांगाया पायजे."

तेवढ्यात तिची बस लागली. "जाऊन ये येकदा," म्हणत ती चढली आणि दांडीला धरून उभी राहिली.

खजुरी कलबुर्गीतल्या माझ्या दवाखान्यापासून दीड तासावर आहे. आळंदच्या बसगाड्या समोरच्याच रस्त्यानं जातात. मी अजून गेलेलो नाही.