झुंबररावांचं उलटं मशीन

आमचे हे यंत्रांशी अहो-जाहो करतात आणि माझ्याशी अगं-तुगं. मिक्सर उघडून बसले की ‘काय होतंय तुम्हाला, सांगा की’ असं त्याला मायेनं विचारतात, आणि मी विचारलं की जेवायला वाढू का, तर नुसतं ‘हं’. एवढ्यावरून झुंबर माणूस कसा आहे ते कळावं खरं तर. पण लोकांना आमच्या लग्नाची गोष्टच ऐकायची असते, आणि ती ह्यांनी सांगितली की निम्म्या थापा असतात. म्हणून मी सांगते.

हे मूळचे नांदगावचे. आयटीआय करून नाशिकला आले आणि इंदिरानगरात, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. टीव्ही, टेप, इस्त्री, काहीही आणा. टेस्टर कानावर खोचलेला असायचा आणि तोच टेस्टर हे दुकानभर शोधत फिरायचे. नेमका त्याच वर्षी आमच्या घरचा मिक्सर सारखा बिघडायला लागला. दर वेळी तो दुकानात न्यायला मीच लागायची. आई म्हणायची, या घरात चटणी कमी आणि मिक्सरच्या फेऱ्या जास्त. त्यापुढे ती काही बोलायची नाही, पण माझ्या आईला, लंकाबाईला, सगळं समजत होतं.

आता आमचे अण्णा. वाल्मीकअण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, सगळा जन्म छापलेल्या नोटा तपासण्यात गेला. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उजेडात धरायची, ही त्यांची सवय. दूधवाल्याने परत दिलेली नोट, लग्नाची पत्रिका, डॉक्टरांनी दिलेली गोळी, एकदा तर ताटातला पापड. खरं आणि खोटं यांच्यामध्ये तिसरं काही असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाचा फोटो त्यांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, मिशी पेन्सिलीनं काढलेली आहे. अशा माणसापुढे झुंबरचं नाव काढायला मला घाम फुटत होता. शेवटी आईनेच काढलं. अण्णा म्हणाले, मिक्सर दुरुस्त करणारे गल्लीला चार पडलेत, ओझरचं स्थळ चांगलं आहे, आपण तिकडेच बघू.

हे सगळं दोन हजार सालचं. त्याच वेळी माझा मोठा भाऊ दीपकदादा मस्कतहून सुट्टीवर आला आणि येताना प्लेस्टेशन घेऊन आला. राखाडी रंगाचा चपटा डबा, टीव्हीला जोडायचा, झाकण उघडून आत सीडी ठेवायची आणि गेम खेळायचा. सोबत एकच सीडी होती, मोटारींच्या शर्यतीची, आणि ती प्रवासात तडकली. दादाने मग मेन रोडवरून पिशवीभर कॉपी केलेल्या सीड्या आणल्या. मशीनने एकही घेतली नाही. प्रत्येक सीडी चाटून बघायचं आणि पडद्यावर इंग्रजीतून सांगायचं की खरी सीडी टाका. अण्णांना इतका आनंद झाला की विचारू नका. ते त्या मशीनकडे प्रेसमधला जुना सहकारी भेटल्यासारखं बघायला लागले.

दादाला कुणीतरी सांगितलं की आत एक चिप बसवली की कॉपीसुद्धा चालते. तो गेला झुंबरकडे. झुंबरने ते मशीन जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण ‘जमणार नाय’ हे दोन शब्द ह्यांच्या तोंडून अजूनपर्यंत कुणी ऐकलेले नाहीत. वर चिप विकत कशाला, आपण घरीच करू, म्हणाले.

अण्णांनी ह्यांना घरी बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि विचारलं की ही चिप नेमकं करते काय. तेव्हा ह्यांनी जे समजावलं ते आमच्याकडे अजून सांगितलं जातं. सीडी आत गेली की मशीन तिला विचारतं, तू कुणाकडची? खऱ्या सीडीवर त्याचं उत्तर लिहिलेलं असतं, कॉपीवर ते उतरत नाही. मग चिप मध्येच उभी राहते आणि सीडीच्या वतीनं सांगत सुटते. कार्यालयाच्या दारात जेवायला आलेला माणूस कसा ‘मुलाकडचे, मुलाकडचे’ म्हणत आत शिरतो, तसं. थांबायचंच नाही, सारखं म्हणत राहायचं. हे सांगताना हे इतके रंगात आले की शिकत असताना आपण स्वतः कुठल्या कुठल्या लग्नात असे जेवलो तेही सांगून बसले. मी दाराआड कपाळावर हात मारून घेतला.

‘म्हणजे खोटं बोलते ती,’ अण्णा म्हणाले.

‘खोटं नाय अण्णा,’ हे म्हणाले, ‘चिकाटी हाय तिला.’

अण्णांचा चेहरा बघून मला वाटलं, आटोपलं आता. पण खोटं चालूच शकत नाही याची अण्णांना इतकी खात्री की त्यांनी स्वतःच पैज घातली. दसऱ्याला सगळ्यांच्या देखत मशीन चाललं, तर झुंबररावांशी बोलणी करू. नाही चाललं, तर दुसऱ्या दिवशी ओझरला जायचं आणि सरिताने, म्हणजे मी, पुन्हा मिक्सरला हात लावायचा नाही.

झालं. ह्यांनी मुंबईहून लॅमिंग्टन रोडच्या कोऱ्या चिपा मागवल्या. आठ पायांचा काळा किडा, एवढासा. त्याच्यात काय लिहायचं ते इंटरनेटवरून फ्लॉपीत उतरवून आणलं. लिहायचं यंत्र ह्यांनी स्वतः जुळवलं, म्हणजे साबणाच्या डबीत रंगीत तारांचा गुंता, आणि तो कॉम्प्युटर क्लासवाल्या मित्राच्या कॉम्प्युटरला, प्रिंटर जोडतात त्या जागी, जोडला. त्या चिपेत एकदा लिहिलं की खोडता येत नाही. चुकलं की चिप वाया. पहिलीत लिहिताना वीज गेली. दुसरी ह्यांनी उलटी बसवली. तिसरीचं मला माहीत आहे, ती चहात पडली. मग एकच उरली. ती लिहायच्या आधी हे तिच्याशी काय बोलले ते त्या मित्राने मला नंतर सांगितलं. म्हणाले, ‘बाई, माझं लग्न तुमच्या हातात हाय.’ एका मिरीएवढ्या तुकड्याला बाई म्हणणारा माणूस मी पत्करला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडत होता.

चौथी चिप बरोबर लिहिली गेली. टेलिफोनच्या केबलमधल्या बारीक तारा काढून ह्यांनी ती आतल्या पट्टीला जोडली. दुकानात मशीन लावून बघितलं तर पहिल्या झटक्यात शर्यत सुरू. दादाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि मी घरी जाऊन, काही कारण नसताना, शिरा केला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं, यंत्रं अण्णा पाटावर मांडून पूजायचे. विळी, हातोडी, आईचं शिलाई मशीन, मिक्सर, बाहेर स्कूटर. हे प्लेस्टेशन घेऊन आले तसं अण्णांनी तेही पाटावर ठेवायला लावलं. पैज वेगळी आणि पूजा वेगळी, तिथे अण्णा कुणावर अन्याय करत नसत. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग म्हणाले, झाकण उघडा, बंद दाराची काय पूजा करायची. होणाऱ्या सासऱ्यापुढे ह्यांची काय बिशाद. उघडलं झाकण. अण्णांनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता चांगल्या मूठभर वाहिल्या आणि हात जोडले. नंतर आईने फडक्याने सगळं वरच्यावर पुसून घेतलं.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेली माणसं अण्णांनी मुद्दाम बसवून ठेवली. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, टेस्टर मात्र कानावर तसाच. सीडी घातली, बटण दाबलं. आतून करकर, करकर, मग एक खट्ट, आणि पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कुणीतरी खोकलं. अण्णा आपट्याचं पान उजेडात धरून बघत बसले होते, त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं की ओझरला उद्या सकाळच्या बसने निघू. मी आईचा हात घट्ट धरला.

ह्यांनी मशीन उचललं. कानाला लावलं. ‘काय झालं हो तुम्हाला?’ असं हळूच विचारलं. मग काही सुचेना तेव्हा माणूस करतो तसं उलटं करून हलवलं. आणि एकदम टीव्हीतून मोटारींचा आवाज सुरू झाला.

हे मशीन तसंच उलटं हातात धरून पुतळ्यासारखे उभे. अण्णा म्हणाले, खाली ठेवा. हे म्हणाले, ठेवतो, आणि उलटंच ठेवलं. सुलटं का नाही, असं अण्णांनी विचारलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने जन्मातली सर्वांत मोठी थाप मारली.

‘चिप लावली की असंच ठेवायचं असतं, अण्णा. जपानात समदे असंच ठेवतात.’

अण्णा शब्दाचे पक्के. ओझर रद्द झालं, बोलणी झाली, सुपारी फुटली. आणि खरी मजा पुढेच, कारण अण्णांना त्या शर्यतीचं वेड लागलं. स्कूटरशिवाय काही न चालवलेला माणूस रोज जेवण झालं की मोटार घेऊन बसायचा. डावी बाजू सोडायची नाही. मागून कुणी आलं की त्याला वाट द्यायची. वळणावर हळू. दर वेळी शेवटचा नंबर यायचा, आणि मग आम्हाला अभिमानाने सांगायचे की गाडीला ओरखडा नाही. येईल त्याला उलटं मशीन दाखवून जपानातली पद्धत समजावायचे. कॉलनीतल्या एका काकूंनी ते ऐकून आपला टेपरेकॉर्डर उलटा ठेवून पाहिला.

पण अण्णांच्या या प्रचारानेच घात केला. शेजारच्या धोंडीराम काकांनी तसलंच मशीन आणलं आणि त्यालाही झुंबरनेच चिप लावली. अण्णा मोठ्या थाटात बघायला गेले, तर ते सरळ ठेवलेलं आणि सरळच चाललेलं. अण्णांनी ते स्वतःच्या हाताने उलटं केलं, तेव्हाही चाललं. घरी आले ते तडक टेबलाशी. टेबलावर आमच्या पत्रिकेचं प्रूफ तपासायला पडलं होतं, ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, एकच चिप, एकच माणूस, आणि दोन तऱ्हा. म्हणजे कुठेतरी खोटं आहे. मशीन माझ्यासमोर उघडल्याशिवाय पत्रिका छापायला जाणार नाही.

हे आले. तोंड उतरलेलं. पाटावर फडकं अंथरलं, एकेक स्क्रू काढला, आणि वरचं कवच उचलायच्या आधी थांबले. ‘अण्णा, मी थाप मारली व्हती,’ हे म्हणाले. ‘जपानाचं मला कायबी माहीत नाय. उलटं का चालतं तेबी माहीत नाय. पोरगी हातची जाईल म्हणून तोंडाला आलं ते बोललो.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, की आता कशाला खरं बोलायला गेलास बाबा. ह्यांनी कवच उचललं. सीडीवर नजर ठेवणारं भिंग एका दांडीवरून मागे-पुढे सरकतं, त्या दांडीपाशी काहीतरी होतं. ह्यांनी मशीन थोडं तिरकं केलं तसं ते घरंगळून फडक्यावर पडलं. तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल. सुलटं ठेवलं की तो दांडीत अडकायचा, उलटं केलं की बाजूला पडायचा, एवढीच ती जपानातली पद्धत.

आईने दाण्याकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

अण्णांनी दाणा उचलला. खिडकीशी गेले आणि उजेडात धरला. इकडून बघितला, तिकडून बघितला. नोटेला लावला नसेल इतका वेळ त्यांनी त्या दाण्याला लावला.

‘खरा आहे,’ ते म्हणाले. ‘आपलाच आहे.’

दाणा त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकला आणि त्याच खिशातून प्रूफ काढून ह्यांच्या हातात दिलं. नांदगावचं नाव चुकलंय, तेवढं दुरुस्त करून छापायला टाका, म्हणाले. मशीन सुलटं चालायला लागलं, पण अण्णा ते शेवटपर्यंत उलटंच ठेवून खेळले. सवय झाली होती, म्हणे.

लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींचं मंगलाष्टक चाललेलं, आणि मला पाटावरून अण्णा नीट दिसत होते. सगळ्यांच्या मुठीत पिवळ्या अक्षता होत्या. अण्णांनी खिशात हात घातला, दोन बोटांत काहीतरी धरलं, कार्यालयाच्या ट्यूबलाइटसमोर नेऊन एकदा बघितलं. पहिलं ‘सावधान’ झालं तसं नेम धरून ते ह्यांच्याकडे टाकलं. ह्यांच्या नाकावर बसलं आणि ओंजळीत पडलं. लाल होतं.

अंतरपाटाच्या वरून ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्हाला दोघांनाही हसू आवरेना. नवरी भर मंगलाष्टकात हसत होती, हे नांदगावकडची माणसं अजून बोलतात. अण्णा मात्र रडत होते.