बंद न झालेला वॉर्ड

आमच्या घाटकोपरच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणारी एक नर्स इराकमधल्या एका इस्पितळात नोकरीला होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायची तिला सवयच होती.

तिथली लढाई वाढली तसे जखमी वाढले, नर्स मात्र मूठभरच. मोठ्या डॉक्टरांनी एक वॉर्ड बंद करायचं ठरवलं. "मला रजा द्या, मुली घेऊन येते," असं त्यांना सांगून ती मुंबईला आली आणि नर्सिंग शिकलेल्या मुलींची घरं गाठत सुटली.

माझ्या ताईला मागायला आली तेव्हा आई भडकली. "गो, थंय बॉम्ब पडतत!"

"पडतात ना, काकी. म्हणून तर नर्स लागते," आईचं मनगट धरून ती म्हणाली. "नव्या मुलीला एकटीला मी ड्यूटी देत नाही. माझ्या शेजारी उभी राहील."

आई रडली, पण ताई गेली.

दोन वर्षांनी दोघी रजेवर आल्या. तो वॉर्ड चालूच होता, शिवाय आणखी दोन उघडले होते. ती आता मेट्रन होती आणि एका नव्या वॉर्डाची सिस्टर इनचार्ज आमची ताई. ऐकताच आई गॅलरीत धावली आणि लेकीकडे बोट दाखवत आख्ख्या चाळीला ओरडून म्हणाली, "माझां चेडू वॉर्ड चालवता!"